दाभोळ परिसरातील प्रौढ विद्यार्थ्यांचे निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई

विषय : तिशी-चाळिशी ओलांडून मुंबईत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या राहण्याची, प्रवासाची व परीक्षांच्या वेळेची सोय होण्याबाबत.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही सर्वजण दाभोळ (ता. दापोली, जि. रत्नागिरी) व आसपासच्या वाड्यांतील आहोत. आमच्यात अंगणवाडी सेविका आहेत, बोटीवरची नोकरी सोडून आलेले आहेत, मासळीचा धंदा सांभाळून शिकणाऱ्या बायका आहेत. आमचा जिल्हा आपल्या कार्यक्षेत्रात येतो आणि आमच्या अभ्यासक्रमांना प्रवेश देताना कोणी आमचे वय काढले नाही, याबद्दल आभार. आमची अडचण प्रवेशाची पावती हातात पडल्यावर सुरू होते.

कोकणी माणसाला मुंबई नवी नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. लालबाग-परळला गावकीच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. भिंतीला ट्रंका, ज्याची त्याची खुंटी, गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायची जागा आणि जेवायला खाणावळ. गावाहून आलेला गडी त्या खोलीच्या भरवशावर शहरात रुजायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि बहुतेक खोल्यांचाही तो काळ सरला. शिवाय त्या पुरुषांच्या खोल्या. चव्वेचाळीस वर्षांची बाई एम.ए. करायला एकटी आली, तर तिने कोणत्या खुंटीला पिशवी अडकवायची? खोली दाखवणारा एजंट पहिला प्रश्न विचारतो, ‘फॅमिली की बॅचलर?’ ती दोन्हींत बसत नाही. (गाव दाभोळ म्हटले की तो एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची गोष्ट काढतो. तो प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. आमच्या वाट्याला नुसते नाव आले.)

वसतिगृहाकडे वळावे, तर तिथे अर्ज आडवा येतो. आमच्यातील एका विद्यार्थिनीला एका वसतिगृहाच्या खिडकीवर पालकांची सही मागितली. वडील वारले, आई ऐंशीच्या घरात आणि अंथरुणाला खिळलेली. तिने विचारले, मुलगा बावीस वर्षांचा आहे, त्याची चालेल का? खिडकीतल्या माणसाने खरोखरच साहेबांना विचारून येतो म्हणून सांगितले. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याबरोबर पालकांचेही हमीपत्र लागते. नियमाचा हेतू चांगला आहे, पण तो करताना अठरा वर्षांचे पोर डोळ्यांपुढे होते. त्यामुळे पंचविशीपुढील विद्यार्थ्याचे स्वतःचे हमीपत्र पुरेसे मानावे, आणि आयोगाची परवानगी लागत असेल तर विद्यापीठाने ती मागावी. याखेरीज प्रत्येक वसतिगृहात काही खाटा प्रौढ विद्यार्थ्यांसाठी, त्यातही आधी बायकांसाठी, राखून ठेवाव्यात. वर्षभराची खोली शक्य नसेल, तर परीक्षेच्या व प्रबंधाच्या दिवसांपुरती रोजच्या भाड्याने खाट मिळाली तरी आमचे निम्मे काम होईल.

रेल्वेच्या विद्यार्थी पासाला सर्वसाधारण गटात २५ वर्षांची मर्यादा आहे. संशोधकांना ती ३५ पर्यंत सैल केली आहे, म्हणजे वय वाढवता येते हे रेल्वेलाही मान्य आहे. हा विषय आपल्या हातातला नाही, हे आम्ही जाणतो. पण आम्ही लिहिलेले पत्र आणि कुलगुरूंनी लिहिलेले पत्र यांत फरक असतो. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा सैल करावी, असे पत्र आपण रेल्वेला लिहावे.

‘मग दूरशिक्षण का घेत नाही?’ असे कोणी म्हणेल. १९७१ पासून विद्यापीठात ती सोय आहे आणि आमच्यातील काहींची पदवी तिच्यातूनच झाली. पण ग्रंथालयात बसून कागद चाळायचे, क्षेत्रकार्य करायचे, मार्गदर्शकासमोर प्रकरण वाचून दाखवायचे, ही कामे टपालाने होत नाहीत.

वेळापत्रकाचे थोडे सविस्तर मांडतो, कारण त्याला पैसा लागत नाही. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला. मासळीवर पोट असलेल्या घरातील माणूस वर्षात तेवढाच मोकळा. नेमके त्याच काळात विद्यापीठ प्रवेशाच्या गडबडीत असते, आणि शिकवणे रंगात येते तेव्हा आमचा हंगाम सुरू झालेला असतो. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी जून-जुलैमध्ये सलग मार्गदर्शन वर्ग ठेवावेत आणि त्यांची हजेरी वर्षाच्या हजेरीत धरावी. परीक्षा गणपतीत आणि शिमग्याच्या पालखीत लावू नयेत. अठरा वर्षांचा मुलगा एक गणपती चुकवू शकतो. ज्याच्या घरात गणपती बसतो आणि ज्याला पूजा करायची असते, त्याला ते जमत नाही.

आमच्याच तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय पुरे असूनही दिसायला लहान म्हणून त्यांना बसू दिले नाही. पुढे मुंबईत राहून, शिकवण्या करून, ते १८८१ साली तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि १८८४ साली आपल्याच विद्यापीठाचे बी.ए. चेहरा पाहून वय ठरवण्याची रीत तेव्हा त्यांना नडली, आम्हाला ती उलट्या बाजूने नडते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाकडे एक ठरावीक माणूस द्यावा, ज्याला फोन करून विद्यापीठाच्या कालिना संकुलात सांताक्रूझहून यावे की कुर्ल्याहून, भाडेकरार कसा करतात, ओळखपत्र कुठल्या इमारतीत मिळते, एवढे विचारता येईल. वर्गातील मुले प्रेमाने ‘काका’, ‘मावशी’ म्हणतात, नोट्सही देतात. पण त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

वरील मागण्यांवर काय ठरले, ते लेखी कळवावे. चर्चेला बोलावणार असाल तर दुपारनंतरची वेळ द्यावी. दाभोळहून रात्रीच्या एस.टी.ने निघालेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो आणि आंघोळीची सोय अजून कुठे झालेली नाही.

आपले नम्र,
दाभोळ व परिसरातील प्रौढ विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई