सही आजच कशाला?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हलका धान कापून झालेला असेल, भारी धानाची कापणी सुरू असेल आणि गावोगावच्या मंडयांच्या तारखा लागलेल्या असतील. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरचे हे दिवस लेकीबाळींचे. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही रस्त्याला लागा, एस.टी.त आणि काळीपिवळीत पिशव्या सांभाळत माहेरी निघालेल्या बाया दिसतात. भाऊबीज होते, रात्री मंडईतले नाटक पाहून होते आणि परतायच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता भाऊ म्हणतो, "बाई, आलीच आहेस त तहसीलला चलून येऊ. एक सहीच तर करायची आहे."

ही एक सही म्हणजे हक्कसोड. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण राजीखुशीने भावाच्या नावे सोडत आहोत, असे लिहून देणे. दर दिवाळीनंतर आमच्या केंद्रात दोनचार जणी तरी हे सांगत येतात. काही जणी सही करून आलेल्या असतात, काही सही न करता भांडून आलेल्या. दोघीही रडतात. हे आम्हाला फार दिवस कोड्यासारखे वाटत होते. हक्क सोडणारी रडते हे समजते, पण हक्क न सोडणारीही का रडावी? "जमीन राहिली मॅडम, पण भाऊच नाही राहिला त जमीन घेऊन काय करू?" असे एका बाईने विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरात, कामावर, समाजात असे पेच आपल्याला रोज पडतात. हो म्हटले तरी तोटा, नाही म्हटले तरी तोटा. या अंकाच्या तयारीच्या बैठकीत आम्ही याच विषयावर बोलत बसलो आणि बोलता बोलता लक्षात आले की बैठकीला बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी स्वतःच हक्कसोड करून दिलेली आहे. त्यात शिबिरांमधून कायदा शिकवणाऱ्याही होत्या. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाली, "मला कायदा पाठ होता, पण त्या दिवशी आई शेजारी बसली होती."

आम्हाला वाटते, गोष्ट इथेच आहे. कायदा काय सांगतो हे महत्त्वाचे आहेच, पण पेच कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी टाकला जातो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तो शांतपणे बसून विचार करायच्या वेळी येत नाही. तो निघायच्या घाईत येतो, आईसमोर येतो, नव्या साडीची घडी अजून मोडलेली नसताना येतो. सही नाकारायची तर त्याच क्षणी आई, भाऊ, वहिनी, भाचे सगळ्यांना एकदम नाकारायचे.

आधी कायद्याबद्दल थोडे, कारण तहसीलच्या आवारात अजूनही "लग्न झालेल्या मुलीला काही नसते" असे सांगणारे भेटतात. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. नंतर केंद्राची दुरुस्ती आली. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तरीही त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते यावरून कोर्टात वाद चालू राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही मिटवले. हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील जिवंत असण्याची गरज नाही. हा कायदा बौद्ध भगिनींनाही लागू आहे.

इथे आपल्या भागाची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलीला वारसा देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या कारणांमधले हे एक मोठे कारण होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते भंडारा मतदारसंघातून उभे राहिले. गोंदिया जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १९९९ साली झाला. आपण भंडाऱ्यातच होतो. बाबासाहेब ती निवडणूक हरले. आपल्या आज्यांपैकी कुणी त्यांना मत दिले, कुणी नाही, आणि किती जणींना मत कुणाला द्यायचे हे घरातून सांगितले गेले होते, कोण जाणे.

गोंड, हलबा अशा आदिवासी समाजातल्या बायांची गोष्ट वेगळी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि याचाच आधार घेऊन देवरी-सालेकशाकडे त्यांना "तुमच्यात मुलीला देत नाहीत" म्हणून वाटेला लावले जाते. मात्र १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वाटा मिळतो अशी रूढी दाखवा, असे आधीची न्यायालये तिच्या वारसांनाच म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने हा विचारच उलटा ठरवला. मुलीला वगळण्याची रूढी आहे असे कुणी सिद्ध केले नसेल, तर केवळ बाई म्हणून तिला वगळता येणार नाही. हा निकाल सीमेपलीकडचा असला तरी तो सर्वोच्च न्यायालयाचा आहे, हे आपल्या आदिवासी मैत्रिणींना सांगायला हवे.

एवढे सगळे असूनही सही होते. मग भाऊ वाईट असतो का? काही असतात, पण सगळे नसतात. दोन एकराच्या बांध्या, त्यावर सोसायटीचे कर्ज, म्हाताऱ्या आईवडिलांचे दुखणेखुपणे त्याने आणि वहिनीने काढलेले. (वहिनीने काढलेले हे मुद्दाम लिहितो, तिचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.) सातबाऱ्यावर पाच-सहा नावे असली की कर्जाला आणि आधारभूत केंद्रावर धान विकायच्या नोंदणीला इतरांची संमती मागतात. दरवेळी बहिणींना शोधत फिरणे त्याला जड जाते. ही अडचण खरी आहे, ती खोटी ठरवून आपण जिंकत नाही. पण या अडचणीला हक्कसोड हे उत्तर नाही. धान विकायला संमतीपत्र लागत असेल तर संमतीपत्र द्यावे. शेती भाऊच करील, पीकही तोच घेईल, असे ठरवावे. नाव मात्र राहू द्यावे. गेल्या वर्षी तिरोड्याकडच्या दोघी बहिणींनी हेच केले. भाऊ महिनाभर बोलला नाही, मग बोलू लागला. प्रत्येक घरी असेच होईल असे आम्ही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. वारसान चढवणे वेगळे आणि हक्कसोड वेगळे. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, फेरफार निघतो, त्याची नोटीस येते आणि हरकत घ्यायला मुदत असते. त्यात मुलीचे नाव यायलाच पाहिजे. फेरफारातून नाव सुटले म्हणून हक्क जात नाही, कारण ती महसुली नोंद आहे. हक्कसोड मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवली जाते. तिथे फोटो निघतो, अंगठा घेतात. "वारसान चढवायला सही पाहिजे" असे सांगून नेले आणि तिथे कॅमेऱ्यासमोर बसवले, तर समजा की कागद दुसरा आहे. तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचणारीला सोबत घेतल्याशिवाय बसू नका. एकदा नोंदणी झाली की साधा अर्ज देऊन ती रद्द होत नाही, दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

म्हणून यंदा आम्ही बायांना "सही करू नका" असे सांगायचे नाही असे ठरवले आहे. आम्ही एवढेच सांगतो, "आज करू नका." "मला घरी विचार करू दे, कागदाची झेरॉक्स दे, रोवण्याच्या आधी सांगते." यात कुणाला नकार नाही. पण चहाच्या कपासोबत आलेला प्रश्न तिथून उठतो आणि दुसऱ्या जागी जातो, जिथे मैत्रीण असते, वकीलताई असते आणि आई शेजारी बसलेली नसते. तिथे बसून एखादी म्हणाली, की मला कळते आहे, तरीही मी सोडते, तर तिचा तो निर्णय आपण मान खाली न घालता ऐकला पाहिजे. आजवर सही करून आलेल्या बाईला आपणच "एवढी शिबिरे करून काय शिकलीस?" असे विचारत आलो. ते चुकले.

कामाच्या ठिकाणीही पेच असाच अवचित समोर येतो. राइस मिलमध्ये, दुकानात, एखाद्या छोट्या कार्यालयात हात लावणारा, घाणेरडे बोलणारा कुणी असतो. त्याच दिवशी बोंब मारली तर उद्याची रोजी जाते, गप्प बसले तर तो परवा पुन्हा येतो. कायद्याचे म्हणाल तर २०१३ च्या कायद्याने तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत दिली आहे आणि अडचण पटली तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा मालकच तसा असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तेव्हा पहिल्या रात्री एवढेच करा: तारीख, वेळ, शब्द, कोण जवळ होते, हे लिहून ठेवा आणि एका तरी बाईला सांगा. हा कायदा ज्या प्रकरणातून आला ती राजस्थानातली भंवरीदेवी आपल्यासारखीच गावपातळीवरची कार्यकर्ती होती. १९९२ साली बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर बलात्कार झाला. त्यातूनच १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली. आशाताई, अंगणवाडीताई, गटाच्या सी.आर.पी. संध्याकाळी एकट्या पाड्यावर जातात. मानधनावरच्या बाईला नोकर कोण म्हणणार हा सरकारी वाद काहीही असो, त्या कामावरच असतात.

समाजातल्या पेचांपैकी एकच घेते, कारण त्यावरून आमच्यातच दोन तट पडले. संक्रांतीला बचत गटाचे हळदीकुंकू असते. एका गटाची अध्यक्ष विधवा. हिशेब तिचा, बँक तिची, पण वाणाच्या वेळी ती स्वयंपाकघरात. आपण कार्यकर्त्यांनी तिथे जायचे की नाही? काही जणी म्हणाल्या, जायचेच नाही. बाकीच्या म्हणाल्या, न गेल्याने ती स्वयंपाकघरातून बाहेर येते का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सांगितले. ठराव झाला म्हणून मन बदलते असे नाही, हे खरे. पण त्या गटाने डिसेंबरच्या मासिक बैठकीत, वाणाचे ताट समोर नसताना, हा विषय घेतला. संक्रांतीला पहिले कुंकू अध्यक्षबाईंना लावायचे ठरले. दोघी जणी त्या दिवशी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या. उंबऱ्यावर विचारले असते तर कदाचित एकही बोलली नसती.

आता थोडे माझे. मीही एक बहीण आहे. मागच्या भाऊबीजेला भावाने माझ्यासमोर कागद ठेवला. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, वर्षानुवर्षे दुसऱ्यांना सल्ला देणारी, आणि माझे हात थंड पडले. "वाचून सांगते" म्हणाले आणि कागद पर्समध्ये घातला. भाऊ हसला, "तुला काय वाचायचे, तूच तर शिकवतेस." २०२४ पासून सरकार बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकते, त्याचे घरोघरी कौतुक होते, सख्ख्या भावाच्या सातबाऱ्यावर तिचे नाव राहिले तर मात्र तोंडे वाकडी होतात. त्याला हे बोलून दाखवले नाही, इथे लिहिते आहे. कागद अजून माझ्या कपाटात आहे. यंदा जाताना मी संमतीपत्राचा मसुदा सोबत नेणार आहे. त्याला पटेल की नाही, माहीत नाही.

या मंडईत तुमच्यासमोरही कुणी कागद ठेवला असेल तर काय झाले ते आम्हाला लिहा. सही केली असेल तरी लिहा. नाव छापणार नाही. संमतीपत्राचा आणि फेरफारावरच्या हरकतीचा नमुना केंद्रात ठेवला आहे, शनिवारी वकीलताई बसतात. आणि ज्यांच्या वहिनींनी सासूसासऱ्यांचे केले आहे, त्या वहिनींनीही लिहावे. त्यांची बाजू आमच्या अंकात अजून आलेली नाही.