आधी काम, मग मॅनेजर



बारावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीतले पालक दोन प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. पहिला जुना आहे: मुलाला पुढे शिकवायचे की पोर्तुगीज पासपोर्ट काढून बाहेर पाठवायचे? दुसरा अलीकडचा: "टीचर, बीबीए आयटी घालू की बीसीए?"

पहिल्या प्रश्नातली हवा बरीचशी निघून गेली आहे. 1 जानेवारी 2021 पासून पोर्तुगीज पासपोर्ट हातात असला तरी नव्याने जाणाऱ्याला ब्रिटनमध्ये व्हिसा लागतो. स्विंडनला काकाकडे उतरायचे आणि सोमवारी गोदामात कामाला लागायचे, ते दिवस सरले. उरलेल्या युरोपात जाता येते, पण तिथे आधी भाषा शिकावी लागते. म्हणजे शिक्षण काही चुकत नाही. म्हणून हे पत्र दुसऱ्या प्रश्नाविषयी. तो फक्त आमच्या ख्रिस्ती घरांतला नाही, शेजारच्या घरांतलाही तोच आहे.

'इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट' ही अक्षरे छापलेली गुळगुळीत पुस्तिका मी गेल्या वर्षी पाहिली. परराज्यातल्या एका खासगी संस्थेची माणसे म्हापशाला हॉटेलात सभा घेऊन गेली होती. चहा, सामोसा, पडद्यावर काचेच्या इमारती. फी वसतिगृह धरून लाखांच्या घरात. पालकांना भुलवते ते 'टेक्नॉलॉजी' नव्हे, 'मॅनेजमेंट'. मुलगा तीन वर्षांत मॅनेजर होऊन येणार, असे त्यांना वाटते.

आता डिचोलीकरांना मी एवढेच विचारते, खाणीवरचा मॅनेजर कसा होत असे? कॉलेजातून थेट येऊन खुर्चीवर बसे काय? खाण कायद्याप्रमाणे मॅनेजरला सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्या परीक्षेला बसण्याआधी खाणीत प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या तारवटी कुटुंबांना तर हे सांगायलाच नको. कॅडेट म्हणून चढलेला मुलगा समुद्रावर ठरलेला काळ काढतो, परीक्षा देतो, पुन्हा समुद्रावर जातो, आणि कितीतरी वर्षांनी कप्तान होतो. बारावीनंतर तीन वर्षांत कप्तान करून देतो म्हणणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवू. मग संगणकाच्या बाबतीत आमची ही अक्कल कुठे जाते?

त्या क्षेत्रातही रीत तीच आहे. प्रोजेक्ट मॅनेजरसाठी जगभर मानले जाणारे पीएमपी नावाचे प्रमाणपत्र आहे. चार वर्षांची पदवी असली तरी त्याच्या परीक्षेला बसण्याआधी 36 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. तशी पदवी नसेल तर 60 महिने.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याला या क्षेत्रात पुढे मॅनेजर व्हायचे आहे त्याने पहिली पदवी कामाची घ्यावी, मॅनेजमेंटची नको. बीसीए, बीएस्सी आयटी, गणित झेपत असेल तर इंजिनिअरिंग. बीसीएत प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क हे विषय हाताने करावे लागतात. बीबीए आयटीत हिशेब, मार्केटिंग, संघटना यांच्या मधून मधून चार-सहा पेपर संगणकाचे असतात. बाहेर पडल्यावर त्या मुलाला सर्व्हर दुरुस्त करता येत नाही आणि ताळेबंदही नीट जुळवता येत नाही, असे मी पाहिले आहे. त्याला पहिली नोकरी द्यायची कशासाठी, हेच मालकाला कळत नाही. अपवाद आहेत. मोरजी-हरमलला घरचे गेस्ट हाउस आहे, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, आणि मुलगा तेच सांभाळणार असेल, तर त्याला बीबीए उपयोगी पडेल. कारण काम त्याच्या घरी आधीच आहे.

कॉमर्सची मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही, पण बारावीला गणित सोडले असेल तर पुढे एमसीएला अडचण येऊ शकते, हे अकरावीतच कुणीतरी सांगायला हवे. सांगत कुणी नाही. बी.कॉम. करून त्याच्या जोडीला संगणकाचे एखादे काम पक्के शिकलेली मुलेही बँकांत, पतसंस्थांत आज बरी आहेत.

कुणी म्हणेल, आता एआय प्रोग्रॅम लिहिते, मग ते शिकायचे कशाला? चाळीस वर्षे वह्या तपासल्या म्हणून सांगते, ज्याला स्वतःला गणित सुटत नाही त्याला दुसऱ्याचे चुकलेले दिसत नाही. नोकऱ्या कमी होत आहेत हे खरे आहे. पण जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12 हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. निव्वळ देखरेख करणाऱ्या खुर्चीचा भरवसा आता कुणी द्यावा?

डिचोलीची माझी एक विद्यार्थिनी आहे. नाव देत नाही, तिला आवडणार नाही. वडिलांचा खनिजाचा ट्रक. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला, कर्जाचे हप्ते मात्र चालूच. मुलीने बसने म्हापशाला जाऊन-येऊन बीसीए केले. पहिली नोकरी एका इस्पितळात हेल्पडेस्कची. वॉर्डातला प्रिंटर अडला, नर्सबाई पासवर्ड विसरली, केसपेपर उघडत नाही, की फोन हिला. शेजारीपाजारी म्हणत, एवढे शिकून फोन उचलते! पण त्या फोनांमधूनच तिला इस्पितळ कळले. कुठले काम मिनिटभरही थांबता कामा नये आणि कुठले उद्यावर गेले तरी चालते, हे तिला पक्के समजले. काही वर्षांनी नवी प्रणाली घ्यायची ठरली तेव्हा डॉक्टर आणि कंपनीवाले यांच्या मधे बसवायला दुसरे कुणी नव्हते. तिलाच बसवले. आज तिच्या हाताखाली सहा माणसे आहेत, आणि आता ती एमबीए करते आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आयटी मॅनेजमेंट ते हेच.

अशी कामे आता आमच्या दारात आली आहेत. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाला. तिथे सामानापासून पार्किंगपर्यंत सगळे संगणकावर. खाणी पुन्हा सुरू होत आहेत, त्यांचे परवाने आणि वाहतुकीच्या नोंदी ऑनलाईन. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची वाट पाहता पाहता मुले शिकून बाहेर पडली, तो भाग वेगळा. बंगळूर-पुण्याला जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण नोकरीला जावे. पहिल्या पदवीसाठी घर गहाण टाकून जाऊ नये.

आणि मॅनेजमेंट शिकायचेच म्हटले तर तेही जवळ आहे. फादर रोमुआल्ड डिसोझा या जेझुइटाने 1993 साली रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू केली. ती आता सत्तरीत पर्ये येथे आहे, साखळीच्या अगदी जवळ. तिथे प्रवेश पदवीनंतर, परीक्षा देऊन. दोन-चार वर्षे नोकरी केलेला मुलगा अशा वर्गात बसतो तेव्हा त्याच्याकडे विचारायला प्रश्न असतात. फी तिथेही थोडी नाही, पण तोवर कमाई सुरू झालेली असते. विप्रोसारखी कंपनी बीसीए, बीएस्सी झालेल्यांना नोकरीत घेऊन पुढचे एम.टेक.सुद्धा करवते, हेही आमच्या मुलांना माहीत नसते.

पैशाचे म्हणाल तर गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्ज योजना आहे. तिचे नियम आधी वाचा, मग सावकाराकडे जा. 2024-25 पासून बीसीए आणि बीबीए हे अभ्यासक्रमही एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले आहेत. तेव्हा पुस्तिका घेऊन येणाऱ्याकडे मान्यतेचा कागद मागा. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांचे फोन नंबर मागा, आणि ते चार नंबर तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका.

आमच्या इगर्जींच्या सभागृहांत दर मे महिन्यात करिअर मार्गदर्शन होते. व्यासपीठावर बहुधा आमच्यासारखे निवृत्तच बसतात. यंदा तिथे मोपाला, इस्पितळात, बँकेत संगणकावर काम करणारी आमचीच पाच-सहा मुले-मुली बसवावीत, ती रविवारी घरी असतात. पहिला पगार किती होता तेही त्यांना सांगू द्यावे. दार सर्वांना उघडे ठेवावे. आणि तारीख कॉलेजचे अर्ज निघण्याआधीची असावी, गेल्या वर्षीसारखी नंतरची नको.