तेल-पाण्याचं का जमत नाही?

सलमाबादच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हाताला लागलेलं ग्रीस नुसत्या पाण्याने निघतं का? नाही निघत. दिवाळीत घरीही तेच. चकलीची कढई नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही आणि अभ्यंगाचं तेल उटण्याशिवाय उतरत नाही.

तेल हलकं म्हणून पाण्यात मिसळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. हलकेपणामुळे तेल तरंगतं, एवढंच. अल्कोहोल तेलाहूनही हलकं, तरी ते पाण्यात पूर्ण मिसळतं. खरं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. त्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. म्हणून हे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलाच्या लांब साखळ्यांवर असा भार जवळजवळ नसतो. त्यांना सामावून घ्यायचं तर पाण्याला आपली मांडणी बदलावी लागते. ते त्याला परवडत नाही आणि तेल बाजूला पडतं. साबणाचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्याला धरतं, म्हणून हात निघतात. उटण्यातलं पीठ तेल शोषून घेतं.

हा अबोला फराळात आपल्या पथ्यावर पडतो. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घातलं की मैद्याच्या कणांवर तुपाचा लेप बसतो. पाणी आत नीट पोचत नाही, पिठाला चिवटपणा कमी येतो आणि शंकरपाळी खुसखुशीत होते.

पण कढईतलं तेल पेटलं, तर हाच अबोला जिवावर बेततो. घाबरून पाणी ओतलं, की ते जड असल्याने तेलाखाली जातं. तळणाचं तेलच १८० अंशांच्या आसपास असतं, पेटलेलं त्याहून कितीतरी तापलेलं. पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १,७०० पट जागा मागते आणि जळतं तेल चहूकडे उडवते. फ्लॅटच्या छोट्या स्वयंपाकघरात मागे सरायलाही जागा नसते.

म्हणून पाणी नको. जमत असेल तर गॅस बंद करा, धातूचं झाकण किंवा परात कढईवर सरकवा. कढई उचलू नका, पूर्ण गार होईपर्यंत झाकण काढू नका. आग आवरत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९९९ला फोन करा. यंदा इथे पहिल्यांदाच तळण काढणाऱ्या मंडळींना एवढं आवर्जून सांगा. मोठी परात मात्र आधीच हाताशी ठेवा.