सुकाणू परके कसे?

समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या धार-देवासकडेही सावरकरांच्या भाषाशुद्धीचा दाखला देऊन कोणी म्हणतो, की सुकाणू, नांगर, बंदर हे शब्द यावनी, म्हणून त्याज्य. त्या चळवळीने दिलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ आपण आनंदाने वापरतो. परंतु हा आग्रह मान्य करता येत नाही.

संस्कृतात नौकाशब्द नव्हते, असे नाही. धारच्याच भोजराजाच्या नावावरील ‘युक्तिकल्पतरू’त जहाजावरील खोलीस ‘मंदिर’ म्हटले आहे. ती पुढे असेल तर नौका अग्रमंदिरा, मध्यभागी असेल तर मध्यमंदिरा. ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू, म्हणून ते धरणारा कर्णधार. आज कर्णधार क्रिकेटच्या मैदानावर गेला आणि तारवावर सुकाणूच राहिले. कारण ते खलाशाच्या हाती होते, पंडिताच्या पोथीत नव्हे.

सुकाणू अरबी ‘सुक्कान’पासून आले. जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून, तर शेताचा संस्कृत ‘लांगल’पासून, मराठीने दोघांना एकच रूप दिले. याहून अधिक आपलेपणा तो कोणता? ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांशीच झुंज दिली. त्या आरमारास परके म्हणण्याचे धाडस कोण करील?

खासगी जमिनीवर मालकाविरुद्ध १२ वर्षे उघड व अखंड वहिवाट झाली, की मूळ मालकाचा हक्क संपतो. या शब्दांची वहिवाट तर कित्येक शतकांची आहे. शुद्धिवाद्यांचा दावा मुदतबाह्य आहे. तो खर्चासह फेटाळावा.