लेथवरचा स्पेसर आणि कारागिराची जबाबदारी

छोट्या मोटारी जमिनीलगत बसवण्याची हौस गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये बरीच वाढली आहे. स्विफ्ट घ्यायची किंवा जुनी पोलो घ्यायची (पोलोची विक्री आपल्या देशात २०२२ मध्ये बंद झाली, तरी जुन्या गाडीला शौकिनांत मान आहे), स्प्रिंगा बदलून किंवा सरळ कापून गाडी खाली आणायची, आणि मग लक्षात येते की चाके मडगार्डच्या आत दडल्यासारखी दिसतात. गाडी खाली आली की पुढची चाके वरच्या बाजूने थोडी आत कलतात, त्यामुळे तसे दिसते. यावर इलाज म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घालतात. तिला स्पेसर म्हणतात. दहा मिलिमीटरची चकती घातली की चाक दहा मिलिमीटर बाहेर येते, दोन्ही बाजू धरल्या तर गाडी वीस मिलिमीटरने रुंद होते.

कापडाच्या व्यापाऱ्याला या चकतीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. पॉवरलूमच्या गावात लेथचे कारखाने वाढले ते मागाच्या कामावर. बुश, पुली, शाफ्ट, रॉडचे तुकडे हेच टर्नरचे रोजचे जॉब. बिनधोट्याचे नवे माग आले तसे हे काम आटू लागले आणि रिकाम्या लेथवर मिळेल तो जॉब चढू लागला. स्पेसर हा त्यातलाच एक. गॅरेजवाला तुकडा घेऊन येतो, "असे चार काढून दे" म्हणतो, टर्नर तासाभरात काढून देतो. गॅरेज आपल्या माणसाचे, लेथ आपल्या माणसाची, बहुतेक वेळा गाडीतला मुलगाही आपल्याच मोहल्ल्यातला. म्हणून हा विषय या पानावर यायला हवा.

मागाचा बुश अर्धा मिलिमीटर सैल निघाला तर धागे तुटतात, कापडात खोट येते, व्यापारी भाव पाडून माल घेतो आणि प्रकरण मिटते. चाकाच्या बाबतीत ते तसे मिटत नाही. हा फरक आपल्या कारागिरांच्या ध्यानात आहे की नाही, याची मला शंका आहे.

आमच्याकडे एक जुने उस्ताद आहेत, वय सत्तरीच्या पुढचे. त्यांच्याकडे एक तरुण मोबाइलवर चकतीचा फोटो घेऊन आला. "चाचा, अशा चार हव्यात, पंधरा एमएमच्या." उस्तादांनी विचारले, "हब कुठे आहे, बेटा?" तो म्हणाला, हब गाडीला आहे, माप फोटोत लिहिले आहे. उस्ताद म्हणाले, "फोटोवर मी टोपी शिवीन, चाकाचा जॉब नाही करणार. चाक काढ, हब दाखव, तुझा नट दाखव, मग बोलू." तरुण हसत निघून गेला आणि पुढच्या गल्लीतून संध्याकाळी चार चकत्या घेऊन गेला. उस्तादांचे गिऱ्हाईक गेले, पण माझ्या मते त्या दिवशी बाजारात शहाणपणाचा सौदा त्यांनीच केला.

त्यांनी हब का मागितला ते समजून घेऊ. पुष्कळांची समजूत अशी आहे की गाडीचे वजन नट-बोल्टांवर लटकलेले असते. तसे नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतो. बारा मिलिमीटरचा स्टड ८५ न्यूटन-मीटरने आवळला तर तो एकटा साडेतीन टनांच्या आसपास दाब देतो, चार स्टड मिळून चौदा टन. या दाबामुळे दोन सपाट तोंडांत जे घर्षण होते, तेच वजन आणि ब्रेकचा धक्का पेलते. मध्ये चकती आली की एका जोडाचे दोन जोड होतात. चकतीची दोन्ही तोंडे एकमेकांना समांतर नसतील, किंवा मध्ये गंज, रंग, चिखल राहिला असेल, तर काही किलोमीटरमध्ये तो थर चेपतो, स्टडचा ताण उतरतो आणि नट ढिला पडतो. चाक निखळण्याची सुरुवात इथे होते. नट कोणी विसरला म्हणूनच चाक निघते असे नाही.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. स्विफ्टच्या हबचे मधले माप ५४.१ मिलिमीटर, पोलोचे ५७.१, होंडा सिटीचे ५६.१. स्विफ्ट आणि सिटी दोघींची पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचे माप, चार भोके आणि १०० मिलिमीटर. त्यामुळे एकीची चकती दुसरीला बसते असे वाटते, आणि बसतेही. पण मध्ये दोन मिलिमीटरचा झोल राहतो. गॅरेजवाले म्हणतात, नटाचे तोंड निमुळते असते, ते चाकाला आपोआप मध्ये आणते. चाकाला आणते हे खरे, पण साध्या भोकाच्या चकतीला कोण आणणार? ती जिथे खाली बसली तिथेच राहते. शिवाय हबची मूळ कॉलर जाड चकतीतच संपून जाते, चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून चांगल्या स्पेसरला बाहेरच्या बाजूने स्वतःची कॉलर काढलेली असते, म्हणजे चाक तिच्यावर बसते. ती कॉलर काढायला वेळ लागतो, हत्यार नीट लागते, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला तयार नसते. म्हणून बाजारातल्या स्वस्त चकतीला ती नसते. मग ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागते आणि मालक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे भरत राहतो.

तिसरी गोष्ट आट्यांची, आणि हीच सर्वांत धोक्याची. स्टडची लांबी कंपनीने चाकाच्या जाडीचा हिशेब करून ठेवलेली असते. मध्ये दहा मिलिमीटर घातले की नटाला दहा मिलिमीटर आटे कमी मिळतात. टर्नरला सांगायला नको की स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी नटात गेली पाहिजे. स्विफ्टचा स्टड १२ मिलिमीटरचा, आट्याचे अंतर १.२५, म्हणजे नट जवळजवळ दहा फेरे फिरला पाहिजे. सिटीच्या १.५ अंतराच्या आट्याला आठ फेरे. हाताने नट फिरवून फेरे मोजायला अर्धा मिनिट लागतो, पण मोजतो कोण? चार फेऱ्यांत नट बसला आणि पाना कट्ट वाजला की "घट्ट आहे" म्हणून गाडी खाली सोडतात.

पोलोला स्टडच नसतात, बोल्ट असतात, १४ मिलिमीटरचे. तिथे जितकी चकती जाड तितका बोल्ट लांब हवा. पुढे कधी चकती काढली आणि लांब बोल्ट तसाच लावला, तर तो मागच्या ड्रमच्या आत जाऊन ब्रेकच्या सामानाला अडू शकतो. बोल्टच्या बैठकीचेही पाहावे लागते: पोलोच्या आणि होंडाच्या मूळ चाकांची बैठक गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुधा निमुळती. गोल बैठकीवर निमुळता नट एका बारीक रेघेवरच टेकतो. वीस मिलिमीटर आणि त्याहून जाड स्पेसरला स्वतःचे वेगळे स्टड ठोकलेले असतात. ते स्टड कोणत्या पोलादाचे, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही.

धातूबद्दलही दोन शब्द. चांगले स्पेसर बनवणारे ६०६१ किंवा ७०७५ या प्रतीच्या, उष्णतेने कडक केलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून माल काढतात. आपल्याकडे जुने पिस्टन आणि इंजिनाची खोकी वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेला गोळा लेथवर चढतो. त्यात हवेचे बुडबुडे असतात, तो ठिसूळ असतो. पातेले किंवा पंख्याची टोपी करायला तो ठीक आहे.

आता खाली बसवलेल्या गाडीचे. उंच गाडीला जे स्पेसर चालून जातात ते खाली आलेल्या गाडीला नडतात, कारण टायरचा वरचा भाग आधीच मडगार्डच्या कडेजवळ आलेला असतो. रिकामी गाडी गॅरेजसमोर छान दिसते. ईदला पाच माणसे आणि सामान घेऊन गावी निघाली, पहिला गतिरोधक आला की कड टायरला घासते. मग मडगार्डची कड ठोकून आत वाकवायची, तिथला रंग तडकतो आणि पावसाळ्यात गंज धरतो. टायरच्या बाजूला खाच पडली तर ती दिसतही नाही. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवर तिरपा भार वाढतो, ते लवकर आवाज करू लागते. पुढच्या चाकांचे तर स्टिअरिंगच्या भूमितीशी नाते असते. चाक बाहेर सरकले की एका बाजूचे चाक खड्ड्यात पडल्यावर किंवा एकाच बाजूला ब्रेक जास्त धरल्यावर स्टिअरिंगला हिसका बसतो. आणि स्प्रिंग ग्राइंडरने कापलेली असेल तर गाडी उसळल्यावर ती आपल्या बैठकीतून निसटू शकते. अशा गाडीला मी तर जाड काय, पातळ स्पेसरही लावू देणार नाही.

स्पेसर ही वस्तूच वाईट, असे मात्र माझे म्हणणे नाही. जर्मनीत ते उघडपणे विकले जातात. पण तिथे बनवणारा त्याबरोबर तपासणीचा कागद देतो, गाडी तपासनिसाला दाखवावी लागते आणि बदलाची नोंद होते. आपल्याकडे वस्तू आली, कागद आलाच नाही.

कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कलमात स्पेसरचे नाव लिहिलेले नाही, पण नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढणारा पुढे वकिलाचा खर्च करतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा अडकतो, तो वेगळाच.

आणि कारागीर? तो म्हणतो, मालकाने सांगितले, मी केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ते कलम फक्त गाडी चालवणाऱ्यापुरते लिहिलेले नाही. "मालकाच्या जबाबदारीवर" असे चिठ्ठीवर लिहून घेतले की सुटलो, ही आपल्या काही गॅरेजवाल्यांची समजूत त्यांनी एकदा चांगल्या वकिलाला विचारून पाहावी.

माझे मत सरळ आहे. ज्या लेथवाल्याने हब पाहिलेला नाही त्याने स्पेसरचा जॉब घेऊ नये. ओतीव धातूचा तर मुळीच नाही. त्याने जाणारे उत्पन्न फार मोठे नाही, आणि गिऱ्हाइकाला देण्यासारखे दुसरे काम हातात आहे. चाक बाहेर दिसायला हवे ना? मग योग्य ऑफसेटची रिम द्या. रिमवर ईटी म्हणून आकडा कोरलेला असतो. समजा ४५ ईटीच्या रिमला १० ची चकती लावायची, तर तेच दिसणे ३५ ईटीच्या रिमने मिळते, मध्ये जोड वाढत नाही, आटे कमी होत नाहीत. टायर घासण्याचा आणि बेअरिंगच्या भाराचा प्रश्न तरीही उरतो, म्हणून आकडा फार खाली न्यायचा नाही. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेली रिम असेल तर सर्वांत उत्तम, कारण कायद्याचीही कटकट राहत नाही. रिम विकण्यात, टायर बसवण्यात, अलाइनमेंट करण्यात गॅरेजला चकतीपेक्षा अधिकच मिळते.

ज्यांच्याकडे स्पेसर लावलेली गाडी आधीच येते त्यांनी ती हाकलून देऊ नये. चाक काढावे, दोन्ही तोंडे तारेच्या ब्रशने साफ करावीत, नटाचे फेरे मोजावेत, आट्यांना ऑइल लावू नये, आणि टॉर्क पान्यानेच आवळावे. जपानी बनावटीच्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, पोलोला १२०, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळायला बोलवावे. फेरे कमी भरले तर चकती काढून मालकाच्या हातात द्यावी, त्याला राग आला तरी. आणि या तपासणीचे पैसे बिलावर वेगळे लिहून घ्यावेत. फुकट केलेल्या तपासणीला गिऱ्हाईकही तपासणी मानत नाही, हे कापडाच्या धंद्यात मी तीस वर्षे पाहतो आहे. टॉर्क पाना महाग वाटतो म्हणून दोन-तीन गॅरेजांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

राहिला प्रश्न दुकानात तारेला टांगलेल्या तयार चकत्यांचा. त्यांची भोके वर्नियरने मोजून पाहावीत. सगळ्या गाड्यांना चालावे म्हणून साठ-साठ मिलिमीटरची भोके पाडलेली निघाली, तर त्या सरळ भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवाव्यात. ॲल्युमिनियमचा भाव काही वाईट नाही.