समजून घ्या : अमेरिकेचं टॅरिफ कपड्यांवर, मग फटका वऱ्हाडातल्या कापसाला कसा?

अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचं टॅरिफ 50 टक्क्यांवर नेलं. अडचणीत आले तयार कपड्यांचे निर्यातदार. त्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ केलं. 19 ऑगस्टला सुरू झालेली ही माफी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे अकोला-अमरावतीत वेचणी चालू असताना परदेशी कापूस विनाशुल्क येत होता.

भावावर परिणाम कसा होतो?

गिरणीला बाहेरचा कापूस ज्या भावात पडतो, त्याहून फार जास्त भाव ती इथे देत नाही. शुल्क गेलं की ही मर्यादा खाली येते.

असं आधी घडलंय?

हो, 1929 नंतरच्या जागतिक मंदीत. जपानचं स्वस्त कापड रोखायला ब्रिटिश सरकारने जून 1933 मध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात 75 टक्के केली. संरक्षण मिळालं गिरण्यांना. पण जपानी गिरण्यांनी उलट भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. जपान आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं. त्यात वऱ्हाडचा ‘उमरा’ही आला, हे व्यापारी नाव अमरावतीवरूनच पडलेलं. जानेवारी 1934 मध्ये तडजोड झाली. जकात 50 टक्क्यांवर आली आणि जपानने 10 लाख गाठी घेतल्या तर 32.5 कोटी वार कापड इथे विकायची मुभा मिळाली.

2008 च्या आर्थिक संकटात काय झालं?

जुलैमध्ये केंद्राने कापसाचं आयातशुल्क काढलं. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगात कापसाचे भाव कोसळले. नोव्हेंबरमध्ये जी-20 देशांनी वर्षभर व्यापारात नवे अडथळे न आणण्याचं ठरवलं. त्याच महिन्यात भारताने कच्च्या सोयाबीन तेलावर 20 टक्के शुल्क लावलं. कापसाला मात्र आधार शुल्काचा नव्हता, हमीभावाचा होता. लांब धाग्याचा हमीभाव 2,030 वरून 3,000 रुपये क्विंटल झाला होता आणि सीसीआयने मोठी खरेदी केली.

आता काय पाहायचं?

2025-26 साठी मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710, लांब धाग्याचा 8,110 रुपये आहे. पण त्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते आणि 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस सीसीआय घेत नाही. नोंदणी राहिली किंवा माल ओला निघाला, तर शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या भावात विकावं लागतं. शुल्कमाफीचा तोटा सर्वांत आधी त्यालाच होतो.