रात्री किती वेळा उठलात?

मधुमेहाची शंका आलेल्या माणसाला डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यांत 'रात्री लघवीला किती वेळा उठता' हा एक हमखास असतो. प्रश्न जुना आहे. रोगाचे नावच त्यातून आले. रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती मूत्रावाटे बाहेर पडते आणि जाताना पाणीही ओढून नेते. लघवीला मुंग्या लागतात ही खूण शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते.

आता हा प्रश्न स्मार्टफोन विचारू लागला आहे. किती पाणी प्यालात, किती वेळा गेलात, झोप किती वेळा मोडली, हे टिपून घेऊन आलेख काढून देणारी अ‍ॅप्स निघाली आहेत. आमच्याही फोनमध्ये असे एक आहे आणि त्याचा आम्हाला उपयोग झाला, हे कबूल केले पाहिजे. परंतु आमचे न्हाणीघर बिछान्यापासून दहा पावलांवर आहे, नळाला पाणी आहे आणि दिव्याचे बटण हाताशी आहे. आकडा खरा ठरतो तो या तीन गोष्टींमुळे.

हीच नोंदवही तोरणमाळला नेऊन पाहावी. सातपुड्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेले हे ठिकाण शहरवासीयांना थंड हवा आणि यशवंत तलाव यांमुळे माहीत आहे. भोवतालच्या पाड्यांवर पावरा आणि भिल्ल कुटुंबे राहतात. हिवाळ्याच्या रात्री, उतारावर, अंधारात, विंचूकाट्याच्या भयाने ज्या बाईला घराबाहेर पडायचे आहे ती काय करते? दिवेलागणीनंतर पाणी पीत नाही. लघवी आली तरी पहाटेपर्यंत दाबून ठेवते. मधुमेहात याचा परिणाम उलटा होतो. शरीरातले पाणी घटते, रक्तातील साखर दाट होते, आणि मधुमेही स्त्रीला आधीच सहज जडणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो. अ‍ॅपमध्ये मात्र त्या रात्रीपुढे 'शून्य' किंवा 'एक' पडेल आणि यंत्र तिची प्रकृती सुधारली असे समजेल.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे एक गोष्ट शिकवली. बाजारात दिसते ती मागणी, गरज नव्हे. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या भुकेची बाजारात नोंद होत नाही. आरोग्याच्या आकड्यांचेही तसेच आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली दाखवून दिले की, 'मी आजारी आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत दीर्घायुषी अशा केरळात सर्वाधिक आढळते आणि बिहारात ते फार कमी असते. बिहारी माणूस अधिक निरोगी असतो म्हणून नव्हे, तर दवाखाना आणि शिक्षण यांच्या अभावी आजार आजार म्हणून ओळखलाच जात नाही म्हणून. लघवीचा आकडा तर त्याहून फसवा, कारण येथे त्रास ओळखूनही दाबावा लागतो. एप्रिल २०१८ मध्ये शासनाने ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर केले. बांधलेल्या संडासात रात्री पाणी असते का, हा प्रश्न त्या घोषणेत नव्हता.

दुसरी फसगत याहून खोल आहे. आशा सेविका तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कंबरेच्या घेराला आणि शारीरिक श्रमाच्या अभावाला गुण आहेत. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असली आणि ती भरपूर राबत असली की दोन्हीकडे शून्य. डोंगरातली मजूर बाई त्यात धोक्याबाहेर ठरणारच. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळांचा अभ्यास करून दाखवले की, आपली बाळे वजनाने कमी असूनही चरबीने तितकी कमी नसतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये कुपोषणातून उद्भवणाऱ्या मधुमेहाला 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८५ साली नोंदवून १९९९ साली वगळला होता! कुपोषणाच्या प्रत्येक चर्चेत ज्याचे नाव येते त्या नंदुरबार जिल्ह्याने हे ऐकून स्वस्थ बसू नये.

त्यात सिकलसेलची भर. सातपुड्यातील आदिवासींत हा रक्तदोष आढळतो, आणि त्यात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती मंदावते. असा रुग्णही रात्री वारंवार उठतो. मुले अंथरूण ओले करतात आणि मार खातात. उठण्याचे कारण साखर की सिकलसेल, हे फोन कसे सांगणार? शिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी सिकलसेलच्या रुग्णात भरवशाची राहत नाही. तांबड्या पेशी अकाली मरत असल्याने आकडा खऱ्याहून कमी येतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने पत्रके वाटली, तपासण्या केल्या. या दोन रोगांची गाठ कोठे पडते हेही तिने सेविकांना शिकवावे.

आमचा यंत्राला विरोध नाही. प्रश्न आहे तो यंत्र माहिती कोणाकडून घेते आणि ती गोळा करणाऱ्या बाईला काय देते, हा. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा त्यांना आडमुठ्या ठरवण्यात आले. वस्तुतः इंग्रजी पडद्यावर पावऱ्यांच्या मुलांची वजने भरायला लावणारेच आडमुठे होते. आशा तर कागदोपत्री आजही 'स्वयंसेविका' आहेत. रात्री किती वेळा उठता, हे बाई शेजारणीला पावरीत सांगेल. पडद्याला सांगणार नाही, आणि पडदा नवऱ्याच्या हातात असेल तर नाहीच नाही.

अक्राणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या निवेदनात अ‍ॅपची मागणी करू नये. प्रत्येक आशेच्या पिशवीत लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणि बोटातून रक्त घेऊन साखर मोजण्याचे यंत्र आहे का, पट्ट्या संपल्यावर किती दिवसांनी येतात, आणि पाड्यावरच्या किती संडासांत रात्री पाणी व दिवा असतो, याची पाडावार मोजणी स्वतः करून ती धडगावला तहसीलदारांच्या हाती द्यावी. मोजणीला बायांनाच पाठवावे.